अर्धाच कप

भूपाल मगदूम यांनी उभ्या आयुष्यात पहिल्या विचारण्याला चहा घेतला नव्हता. दुसऱ्या विचारण्यालाही नाही. कोणी "चहा घेणार?" म्हटलं की त्यांचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा आणि तोंडातून "छे छे, नको, आत्ताच झाला" बाहेर पडायचं, मग तो आत्ताच झालेला चहा आदल्या दिवशीचा का असेना. समोरच्यानं पुन्हा म्हटलं, तर "राहू दे की ओ." तिसऱ्यांदा मात्र मान थोडी तिरकी व्हायची आणि ते म्हणायचे, "बरं, अर्धाच घाला." कप पुरा भरून यायचा आणि ते तो पुरा प्यायचे.

रत्नप्रभाला पाहायला आले तेव्हाही हेच झालं. पोह्यांची बशी पुढे आली, नको. पुन्हा पुढे केली, नको. रत्नप्रभाचे वडील मुळातले तापट. मुलगी पसंत नसेल तर सरळ सांगायला काय झालं, असं त्यांनी आत जाऊन बायकोला ऐकवलंसुद्धा. आईनं त्यांना गप्प केलं, बशी स्वतः उचलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "घ्या की ओ, पोरीनं केल्यात." नवरदेवानं बशी पुसून खाल्ली. आपला संसार त्या तिसऱ्या विचारण्यावर उभा आहे, असं रत्नप्रभा पन्नास वर्षं चेष्टेनं सांगत आली होती. तीच चेष्टा एक दिवस गळ्याशी येईल, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं.

जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीत त्यांचं घर. भूपाल साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, रत्नप्रभानं तीस वर्षं घरातच शिवणक्लास चालवलेला, मुलगा अभिनंदन पुण्यात. गल्ली त्यांना आप्पा आणि काकू म्हणायची. मग आप्पांना कंपवात जडला. आधी हात थरथरू लागला, मग पाऊल अडखळू लागलं, आणि दिवाळीच्या आधी ते न्हाणीत पडले तेव्हापासून उठवायला-बसवायला माणूस लागू लागला. माणूस म्हणजे काकू. काकूंचं वय एकाहत्तर.

तोवर राज्यात दीर्घकालीन शुश्रूषा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसांची देखभाल ही लेकीसुनांच्या माथी मारायची गोष्ट नाही, ती पाण्या-रस्त्यासारखी सरकारची जबाबदारी आहे, असं त्या कायद्यानं पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं. ज्याला जेवढी गरज, तेवढे तास शिकलेला मदतनीस घरी यायचा. गरज किती, हे ठरवायला प्रत्येक नोंदणी केलेल्या घरात एक यंत्र बसवलं जाई. त्याचं नाव 'सोबत'.

सोबत म्हणजे भिंतीवर लावायची, पोळपाटाएवढी पांढरी चकती. तिला कॅमेरा नव्हता, त्यामुळे कपडे बदलताना कोणाला संकोच वाटायचं कारण नव्हतं. ती अगदी आखूड रेडिओ लहरी खोलीत सोडायची. त्या लहरी माणसाच्या अंगावर आपटून परत यायच्या, आणि छाती श्वासाबरोबर किती वर आली, पाय किती फरफटला, खुर्चीतून उठताना तोल कोणत्या बाजूला गेला, अशा केसभर हालचालींनीही परतीच्या लहरीत फरक पडायचा. डॉक्टर वर्षातून दोनदा, दहा मिनिटं बघणार. सोबत रोज बघायची. माणूस पडण्याच्या काही आठवडे आधीच त्याची चाल बदलते, ते तिला बरोबर कळायचं. शिवाय तिला ऐकू यायचं. मराठीच्या झाडून साऱ्या बोली तिला शिकवलेल्या होत्या. नको, नगं, नाय पायजे, यातलं काहीही म्हणा, ती अडायची नाही.

नकाराच्या बाबतीत मात्र कायदा फार कडक होता, आणि त्याला कारण होतं. कायद्याच्या आधी काही संस्थांनी म्हाताऱ्यांच्या नावानं परस्पर होकार लावून त्यांना घराबाहेर काढलं होतं, त्यावरून राज्यभर गहजब झाला होता. म्हणून कलम अकरा आलं. वृद्धानं मदत नाकारली तर तो नकार अंतिम. यंत्रानं, अधिकाऱ्यानं किंवा नातेवाइकानं त्याचा दुसरा अर्थ लावायचा नाही, आणि नव्वद दिवस पुन्हा विचारून दबाव आणायचा नाही. याला अपवाद एकच, कलम चौदा: घरी येणारी मदत नाकारली आहे आणि घरात सांभाळणारं माणूसही थकलं आहे, अशा वेळी जिवाच्या सुरक्षिततेसाठी वृद्धाला निवासी केंद्रात हलवायचं. कलम अकरावर विधिमंडळात बाकं वाजली होती. चांगलंच कलम होतं ते. लिहिणारे फक्त एवढं धरून चालले होते की नको म्हणजे नको.

सोबतनं पंधरा दिवस आप्पांची चाल पाहिली आणि एका सकाळी ती गोड आवाजात म्हणाली, "भूपालजी, तुमच्या मदतीसाठी रोज चार तास एक मदतनीस घरी पाठवता येईल. पाठवू का?"

आप्पांचा थरथरता हात छातीशी गेला. "छे छे, नको. कशाला उगंच तुमास्नी तरास."

"तुमच्या निर्णयाचा आदर आहे," सोबत म्हणाली. "नव्वद दिवसांनी पुन्हा विचारीन. रत्नप्रभाताई, घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी आठवड्यातून एक दिवस सुटीची सोय आहे. हवी का?"

"मला काय धाड भरलीय? नको," असं म्हणून काकू नवऱ्याकडे वळल्या. "अवो, काय बोलून बसलासा?"

"परत इचारंल की," आप्पा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर काकूंनाही. दोघंही भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. दाराशी चप्पल घालायला गेलेला पाहुणा पुन्हा वळेल म्हणून बसावं, तसे. चकतीचा हिरवा दिवा विझला आणि दुपारपर्यंत तिनं चकार शब्द काढला नाही.

पुढचे तीन महिने काकूंनी काढले. आप्पांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचं, न्हाणीत न्यायचं, खुर्चीत बसवायचं, रात्री कूस बदलायची. आप्पा बारीक अंगाचे, पण कंपवातात अंग ताठ होतं आणि ताठ माणूस फार जड लागतो. दुसऱ्या विचारण्याची वेळ जवळ आली तसा काकूंनी त्यांचा सराव घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातला पोळपाट तोंडासमोर धरून त्या नाजूक आवाजात विचारायच्या, "भूपालजी, मदतनीस पाठवू का?" आणि आप्पा म्हणायचे, "हो. पाठवा." पोळपाटाला त्यांनी आठवडाभर न चुकता होकार दिला.

मधल्या काळात सोबत सुधारली होती. माणसांना घरचं वाटावं म्हणून ती आता घरातल्या हाकेनं बोलायची.

"आप्पा, मदतनीस पाठवू का?"

"नको बाळ," आप्पा म्हणाले, आणि लगेच हात तोंडावर ठेवला. पण शब्द गेला होता. मग सुटीचं विचारणाऱ्या सोबतला काकूंनी नीट न ऐकताच "नको" म्हणून झटकलं.

त्या दिवशी काकू जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडल्या. मग ओरडल्याचं वाईट वाटून त्यांनी चहा केला आणि दोघं ओट्यावर बसले. आप्पांनी कप खाली ठेवला.

"मला जमतच न्हाई रत्ना," ते म्हणाले. बोलणंही आता सावकाश झालं होतं. "मनात हो असतंय. तोंडातनं नकोच येतंय."

"पण का? कोण मारतंय का हो म्हटल्यावर?"

"आमचा बाबा सांगायचा. कुणाच्या घरी गेलं, चहा इचारला, तर आधी नको म्हणायचं. त्यांच्या घरात दूध हाय का न्हाई, आपल्याला काय ठावं? तोंडदेखलं इचारलं असंल तर त्यास्नी सुटायला वाट पायजे. परत इचारलं म्हंजे दूध हाय. तिसऱ्यांदा इचारलं म्हंजे मनापासनं हाय." त्यांनी आत चकतीकडे बोट केलं. "ह्या यंत्राच्या घरात दूध हाय का न्हाई, मला कसं कळावं?"

काकूंना हसू आलं आणि रडूही आलं. पन्नास वर्षं ज्याची चेष्टा केली, त्याच्या मुळाशी एवढी माया असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून हा माणूस आयुष्यभर पहिल्या दोन वेळा उपाशी राहत आला होता.

आणि त्यानंतर आठवडाभरातच काकूंची कंबर धरली. न्हाणीतून आप्पांना उठवताना पाठीत काहीतरी लचकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तरीही त्यांनी आप्पांना सोडलं नाही. भिंतीला टेकवून हळूहळू खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. सोबतनं ते सगळं टिपलं. काकूंचा वाकण्याचा कोन, अडकलेला श्वास, नंतरच्या दिवसांतली एका अंगावर झुकलेली चाल. घरची मदत दोनदा नाकारलेली, सांभाळणारं माणूस थकलेलं. कलम चौदा आपोआप लागू झालं.

ही बातमी घेऊन तालुक्याच्या शुश्रूषा अधिकारी निलोफर मुल्ला स्वतः आल्या. तिशीची, चटपटीत मुलगी. दारात पाऊल टाकतानाच तिचा चेहरा पडलेला होता.

"महिनाअखेरीला आप्पांना शिरोळ रस्त्यावरच्या केंद्रात न्यावं लागणार काकू," ती म्हणाली. "केंद्र वाईट न्हाई. स्वच्छ हाय, डॉक्टर हाय. तुम्हाला रोज भेटायला जाता येईल."

"आणि त्यांनी तिथं जेवायला नको म्हटलं तर?"

निलोफरनं हातातला टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"मी त्यांच्या वतीनं हो म्हणते. लिहून घे."

"चालत न्हाई काकू. नातेवाइकांच्या होकारानंच तर आधी घोटाळे झाले."

"मग आत्ता परत इचार त्यास्नी. माझ्यासमोर."

"नव्वद दिवस होईपर्यंत मी इचारलं तर माझ्यावर कारवाई होईल." निलोफर खाली बघत म्हणाली. "मला कळतंय काकू. माझे अब्बाबी असेच हायत. पण कायदा हाय."

अभिनंदनचाही फोन येऊन गेला होता. आई, तू मोडून पडशील, केंद्र बघितलंय मी, जाऊ दे त्यांना. त्याचंही चुकत नव्हतं. कोणाचंच चुकत नव्हतं, आणि तरी महिनाअखेरीला खुर्ची रिकामी होणार होती. काकू कंबर धरून उठल्या. विचार करायचा असला की त्या काहीतरी काम काढत.

"चहा टाकते."

"नको काकू, आत्ताच झाला."

"घे की."

"नको खरंच, राहू दे."

"अगं, आलं घातलंय. घे गप."

"बरं, अर्धाच."

काकूंच्या हातातला कप तिथंच थांबला. त्यांनी निलोफरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग कप तिच्या हातात दिला आणि तिनं पहिला घोट घेतल्यावर त्या भिंतीला म्हणाल्या, "सोबत, ह्या पोरीला चहा पायजे का नको?"

"निलोफरताईंनी चहाला दोनदा नकार दिला आहे," सोबत म्हणाली. "त्यांच्या निर्णयाचा आदर करावा."

निलोफरला ठसका लागला. ती हसत हसत खोकत होती, आणि मग तिचं हसू थांबलं, कारण काकू हसत नव्हत्या.

"कायदा करणारी माणसं कुठं भेटतात?" काकूंनी विचारलं.

योग असा की कायद्याच्या आढाव्यासाठी विधिमंडळाची संयुक्त समिती जिल्ह्यात यायचीच होती. सभागृहात सुनावणी होणार, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार. काकूंना सभागृह नको होतं. "तीन मिनिटांत मी रडून मोकळी हुईन," त्या म्हणाल्या. समिती एक-दोन घरांनाही भेट देणार होती. कोणती घरं, हे तालुका अधिकारी सुचवणार. निलोफरनं अकराव्या गल्लीतलं घर सुचवलं आणि वेळ मुद्दाम दुपारी चारची ठेवली. सकाळपासून शिरोळ, कुरुंदवाड, नांदणी करून आलेल्या माणसांना चारच्या सुमाराला काय होतं, हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

काकूंनी त्या दिवशी शेंगापोळ्या केल्या. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. कंबरेला पट्टा बांधून, मधून मधून ओट्याला टेकत त्यांनी त्या लाटल्या. आप्पांना नवा सदरा घातला, खुर्चीत नीट बसवलं.

समिती आली. अध्यक्ष आमदार इंद्रायणी वाघचौरे, पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर सोलापूरकडचे एक धिप्पाड सदस्य. आणि सोबतला बोलणं शिकवणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. सुमेध गवई, जे नागपूरहून मुद्दाम आले होते. दारातच सगळ्यांची मान स्वयंपाकघराकडे वळलेली काकूंनी पाहिली. ताटं आणली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "घ्या थोडं. शेंगापोळी हाय."

"अहो, कशाला त्रास घेतलात," अध्यक्ष म्हणाल्या. "काही नको."

"नको नको, आत्ताच झालं," सोलापूरचे सदस्य म्हणाले. त्यांची नजर ताटावरून हलत नव्हती.

"माझंही राहू द्या," डॉ. गवई म्हणाले.

"बरं," असं म्हणून काकूंनी ताटं उचलली आणि आत नेऊन ठेवली.

सोलापूरच्या सदस्यांनी एकदा दाराकडे आणि एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि समोर बसल्या.

"इचारा, काय इचारायचं ते."

अध्यक्षांनी फाईल उघडली, पण त्यांचं वाक्य जुळेना. अखेर डॉ. गवईच हळूच म्हणाले, "काकू, तुम्ही रागावलात का?"

"न्हाई. तुम्ही नको म्हटलासा. तुमच्या निर्णयाचा आदर हाय." काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. "आता नव्वद दिवसांनी या. परत इचारीन."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग अध्यक्षांनी फाईल मिटली, भिंतीवरच्या चकतीकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "कलम अकराच्या बाजूनं मी चाळीस मिनिटं भाषण केलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या सासूबाई अजून तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय ताटावर बसत नाहीत."

मग काकूंनी सगळं सांगितलं. पोळपाटाचा सराव, दुधाची गोष्ट, कंबर, महिनाअखेर. सांगताना त्या रडल्या नाहीत.

डॉ. गवई पुढे सरकले. "हे यंत्राला कळत नाही असं नाही," ते म्हणाले. "खऱ्या नकाराचा सूर वेगळा असतो. नुसत्या भिडेच्या नकारात शब्दाआधी थोडा दम घेतलेला असतो, शेवट किंचित वर जातो. आमच्याकडे हजारो आवाज आहेत, दहातले नऊ ते बरोबर ओळखतं. पण कायद्यानं अर्थ लावायला बंदी आहे, म्हणून ते गप्प बसतं. ती बंदी उठवली, तर तुमचा प्रश्न उद्याच सुटेल."

निलोफरचा चेहरा उजळला. काकू मात्र विचारात पडल्या. हेच तर हवं होतं. यंत्रानं ओळखावं, मदतनीस यावा, आप्पांनी घरातच राहावं. एक हो म्हटलं की झालं.

"आणि दहावा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"दहातले नऊ ओळखतंय म्हणालासा. ज्यानं खरंच नको म्हटलं, आणि यंत्र म्हणालं ह्याच्या मनात हो हाय, त्यानं कुठं जायचं?"

डॉ. गवईंनी चष्मा काढून पुसला. "तेच मलाही रात्री सतावतं," ते म्हणाले. "म्हणूनच मी ही सूचना लेखी केलेली नाही."

एवढ्यात अध्यक्ष आप्पांकडे वळल्या. इतका वेळ त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं. "आप्पा, तुम्हीच सांगा. केंद्रात राहायला जाल का?"

आप्पांच्या पुढ्यातल्या स्टुलावर त्यांची रिकामी बशी होती. मांडीवर ठेवलेला हात नेहमीसारखा थरथरत होता. तो त्यांनी उचलला आणि पालथा, आडवा, बशीवर धरला. पंगतीत वाढप्या पुढं आला की पोट भरलेला माणूस धरतो तसा. त्या हाताला कंप नव्हता. कंपवाताचं असंच असतं. हात निजलेला असला की थरथरतो, कामाला लावला की बऱ्याचदा स्थिरावतो. पण त्या वेळी खोलीतल्या कोणाला ते आठवलं नाही, डॉ. गवईंनाही नाही. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. नको असं म्हणालेच नाहीत.

"हे खरं नको," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना आता धार लागली होती. "ह्याच्यापुढं कुणी वाढत न्हाई. दोन्ही येगळं हाय बाई. यंत्रानं आमच्या मनातलं ओळखू नये. माणसानं येऊन बसावं आणि परत इचारावं. तिसऱ्यांदा इचारावं. आणि हात आडवा आला की थांबावं. एवढंच लिवा."

अध्यक्षांनी ते तिथंच लिहून घेतलं. मग पेन बंद करून म्हणाल्या, "काकू, त्या पोळ्या..."

"घेणार?"

"द्या," इंद्रायणी वाघचौरे म्हणाल्या. पहिल्या विचारण्याला. सोलापूरच्या सदस्यांनी तीन खाल्ल्या.

कलम चौदाखालची स्थलांतरं दुरुस्ती होईपर्यंत थांबवावीत, असं समितीनं त्याच आठवड्यात कळवलं आणि सरकारनं ते मानलं. अर्थसंकल्पी अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आलं. मदतीचा प्रस्ताव यंत्रानं नव्हे तर माणसानं, समोर बसून ठेवावा. पहिला नकार हा निर्णय समजू नये. तीन वेळा विचारावं. मात्र शब्दानं, खुणेनं किंवा हातानं ठाम नकार आला की त्याच क्षणी थांबावं. विरोधी बाकांवरून कोणी विचारलं, सरकार आता पंगतीही वाढणार का. समितीच्या अध्यक्ष वाघचौरे उठून म्हणाल्या, हो, वाढणार, आणि तुम्ही नको म्हणालात तर आणखी दोनदा विचारणार. विधेयक एकमतानं मंजूर झालं. वर्तमानपत्रांनी त्याला आग्रहाचं कलम म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

कलम लागू झालं त्या आठवड्यात निलोफर आली. टॅब पिशवीत ठेवून ती आप्पांसमोर बसली.

"आप्पा, मदतनीस पाठवू का?"

"छे छे. नको."

"चांगला माणूस हाय. पाठवते की."

"राहू दे. तुला तरास."

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. निलोफरनं आप्पांचा हात हातात घेतला. "आप्पा, आमच्या घरात दूध हाय," ती म्हणाली. "भरपूर हाय. पाठवते."

आप्पांची मान हळूच तिरकी झाली. "बरं," ते म्हणाले, "अर्धा दिवस पाठव."

काकू मटकन तिथंच बसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पाठीचं दुखणं त्यांना मोकळेपणी जाणवलं, कारण आता दुखू द्यायला हरकत नव्हती. त्या पदरात तोंड घालून थोडा वेळ रडल्या आणि उठून चहाला निघाल्या.

"थांबा काकू, अजून एक हाय," निलोफर म्हणाली. "तुमचं. आठवड्यातनं एक दिवस पूर्ण सुटी. त्या दिवशी इथं माणूस राहणार."

"मला कशाला? नको."

"पयल्यांदा बी तुम्ही नकोच म्हटलासा. दुसऱ्यांदा बी. नोंद हाय सोबतकडं."

"मी कवा म्हटलं?" काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं. मला काय धाड भरलीय. आप्पांच्या एका शब्दासाठी त्यांनी गोष्ट विधिमंडळापर्यंत नेली होती, आणि स्वतःचा तोच शब्द त्यांच्या कानावरसुद्धा पडला नव्हता. "ते येगळं," त्या पुटपुटल्या. "मला खरंच नको. मी कुठं जाणार?"

"निपाणीला," आप्पा म्हणाले.

दोघींनी वळून पाहिलं. निपाणीला काकूंची धाकटी बहीण होती. दोन वर्षांत काकू तिकडे गेल्या नव्हत्या आणि त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"घे की," आप्पा म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्यांना आग्रह केला होता; त्यांनी कोणाला केल्याचं काकूंना आठवत नव्हतं. शब्द सावकाश, एकेक करून येत होते. "माझ्यासाठी... घे."

काकूंनी स्वतःचे हात बघितले. ते आडवे येत नव्हते. निलोफर उठायची कसलीच घाई न करता बसून होती.

"बरं," काकू अखेर म्हणाल्या. "अर्धा दिवस."

"अर्धा न्हाई," आप्पा म्हणाले. "पुरा."

काकू आत गेल्या. गॅसवर चहा ठेवला, आलं किसलं, तीन कप मांडले आणि तिन्ही काठोकाठ भरले. निलोफरला घेणार का म्हणून त्यांनी विचारलं नाही.